चुलीला तीन दगड लागतात

माझी 'वाटणी' ही दीर्घकथा एका तरुण दिग्दर्शकाने दोन अंकी नाटकासाठी घेतली आहे. गोष्ट सातारा बाजूच्या एका घरातली. दोन भाऊ, त्यांची म्हातारी आई, आणि वाटणीला आलेलं परडं. मोजणीवाले येऊन चुना लावलेले दगड ओळीने टाकून जातात. ते दुसऱ्या दिवशी पंचांसमोर कायमचे रोवायचे असतात. त्या संध्याकाळी धाकट्याची नऊ वर्षांची मुलगी, मनी, त्यातले तीन दगड उचलून आणते आणि भातुकलीची चूल मांडते. सकाळी हद्द सरकलेली दिसते आणि भाऊ एकमेकांवर धावून जातात. दगड कुणी हलवले हे फक्त आजीला ठाऊक असतं, पण ती तोंड उघडत नाही.

दिग्दर्शकाला मनी हवी आहे, दगड नकोत. त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे. माझं मत त्याच्या विरुद्ध असलं तरी त्याच्या बाजूला मी कात्री लावलेली नाही. गंभीर गोष्टीत एखादं निश्चिंत, पोरवयाचं पात्र आणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावाच लागतो.

तो : ताई, वाचनाला बसलेली सगळी मंडळी मनीवर लुब्ध आहेत. ती आली की चेहरे खुलतात. म्हणूनच म्हणतो, तिला भांडणात ओढू नका. तिला नुसती खेळू द्या.

मी : नुसती खेळली तर नाटकात ती काय करते?

तो : दोन तास भावांचं वैर चाललेलं असतं. प्रेक्षकाने उसंत कुठे घ्यायची? ती धावत येते, चिंचा खाते, गाणं म्हणते, निघून जाते. तिच्यामुळे बाकीचा काळोख जास्त गडद दिसतो. आपल्याकडे हे पहिल्यापासून चालत आलंय. संस्कृत नाटकात राजा विरहाने झुरत असतो आणि शेजारी विदूषक खाण्याच्या गोष्टी करत असतो. गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास'मध्ये विसराळू गोकुळ आणला तोही प्रेक्षकाला मोकळं हसता यावं म्हणूनच.

मी : विदूषकाचंच घे. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत त्याला राजधानीला पाठवून देतो, आणि जाता जाता सांगतो की शकुंतलेबद्दल मी जे बोललो ती सगळी थट्टा होती. तो भोळा, विश्वास ठेवतो. पुढे सहाव्या अंकात राजा पश्चात्तापाने पोळत असतो आणि विचारतो, तूसुद्धा मला आठवण का नाही करून दिलीस? तेव्हा तो म्हणतो, तुम्हीच थट्टा म्हणाला होतात, मी खरं मानलं. कालिदासाने त्याचा भोळेपणा चार अंक सांभाळून ठेवला आणि नेमक्या जागी खर्च केला. त्याच्यावर आपण हसलो, पण त्याला नाटकात काम होतं.

तो : तो मोठा माणूस आहे, राजाचा सोबती आहे. मनी मूल आहे. मुलाला कामाला कशाला लावायचं?

मी : मग मूलच घेऊ. 'मृच्छकटिक'.

इथे मी जरा लांबण लावली. या विषयावर मला जे काही कळलं आहे ते मुख्यतः शूद्रकाच्या या दहा अंकी प्रकरणातून कळलं आहे.

मी : सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळलाय, ती त्या मुलाने परत नेली, आणि दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली आहे. त्याला मातीची नको, सोन्याचीच हवी. चारुदत्तावर प्रेम करणारी वसंतसेना त्याला जवळ घ्यायला जाते. रदनिका सांगते, ही तुझी आई लागते. तो म्हणतो, खोटं. आमची आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते? एका वाक्यात त्या घराचं दारिद्र्य बाहेर येतं आणि त्या मुलाला त्यातलं काही बोचत नाही. त्याच्या दृष्टीने ती साधी ओळखीची खूण आहे. वसंतसेना रडत रडत दागिने उतरवते, आता झाले ना तुझी आई, म्हणते, आणि सोन्याची गाडी करून घे म्हणून ते त्याच्या मातीच्या गाडीत भरते. तर तो काय म्हणतो? मला नकोत, तू रडतेस.

तो : हा प्रवेश मला पाठ आहे, ताई. म्हणून तर म्हणतो! यात मुलगा फक्त मुलासारखा वागतो.

मी : आणि ते दागिने पुढे कुठे जातात?

तो : कोर्टात.

मी : चारुदत्त ते परत करायला आपल्या मित्राकडे, मैत्रेयाकडे देतो. मैत्रेय वाटेत ऐकतो की मित्राला न्यायासनासमोर उभं केलंय, म्हणून तसाच तिथे धावतो, आरोप करणाऱ्या शकाराशी हमरीतुमरीवर येतो आणि त्या झटापटीत काखेतलं दागिन्यांचं गाठोडं सगळ्यांदेखत खाली पडतं. खून झाला म्हणतात ती वसंतसेना, आणि तिचे दागिने सापडले आरोपीच्या मित्राजवळ. याच पुराव्यावर चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात. मुलाच्या हट्टापासून बापाच्या सुळापर्यंत एकच दोरा आहे. तो दोरा मुलाला कधीच दिसत नाही. दहाव्या अंकात बापाला नेताना तो चांडाळांना म्हणतो, मला मारा, बाबांना सोडा. दागिन्यांचं त्याच्या मनातही नाही. शूद्रकाने नाटकाला नावसुद्धा त्या खेळण्याचं दिलं. रोहसेनाचं काम दोनच प्रवेशांपुरतं आहे, पण तो काढ आणि खटला उभा करून दाखव.

दिग्दर्शक थोडा वेळ गप्प होता. पण तो पटल्यामुळे गप्प नव्हता. त्याची हरकत मी धरून चालले होते त्यापेक्षा खोल निघाली.

तो : तुम्ही म्हणता तो दोरा मलाही दिसतो, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. मनीने दगड उचलले, म्हणून काकाचं डोकं फुटलं. प्रेक्षक घरी काय घेऊन जाणार? 'पोरीमुळे झालं.' तुम्ही तिला न कळत गुन्हेगार करता. जिला काहीच ठाऊक नाही तिच्या माथी एवढं ओझं देण्याचा लेखकाला काय अधिकार?

मी : 'पोरीमुळे झालं' असं प्रेक्षक म्हणाला तर मी हरले. पण तो तसं म्हणणार नाही, कारण दगडांची हद्द मोठ्यांनी केली. मनीला दगड म्हणजे दगड. चुलीला तीन लागतात, तिने तीन घेतले. चौथ्याला हात लावला नाही. त्याच दगडांसाठी सख्खे भाऊ काठ्या काढतात. दोष कुणाचा हे मला वेगळं लिहावं लागत नाही, आणि हेच मला तिच्याकडून हवं आहे. ती शुद्ध कारणाने काहीतरी करते, आणि तिच्या भोवतालची माणसं त्याचा जो अर्थ लावतात त्यातून ती माणसं उघडी पडतात.

तो : ही तुमची पळवाट नाही ना? सोयीची घटना हवी होती, मूल हाताशी होतं?

मी : तेंडुलकरांच्या सामंतबद्दल असं म्हणशील?

तो : सामंत मूल नाही.

मी : वयाने नाही. पण 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बाळमनाचा माणूस तो एकच. सांगेल ते ऐकतो, सगळ्यांच्या चहापाण्याचं बघतो, पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट हातात आहे. आता बघ, ते खोटं कोर्ट मुळात भरतं कशासाठी? त्याने कोर्ट कधी पाहिलेलं नाही आणि रात्रीच्या प्रयोगात त्याला साक्षीदार व्हायचंय. त्याला समजावं म्हणून सराव करू या, असं ठरतं, आणि त्या सरावात नाटकमंडळीतली बेणारे आरोपी होते. म्हणजे त्याचं अज्ञान हे निमित्त. पुढे त्याला साक्ष द्यायला उभं करतात. त्याला काय सांगावं सुचत नाही, म्हणून वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूर तो साक्ष म्हणून सांगतो. दामलेंची खोली, आत रडणारी बाई. त्याच्या लेखी तो खेळ. बेणारेच्या लेखी तिचं आयुष्य. 1967 साली हे नाटक रंगभूमीवर आलं. त्यातल्या वकील-न्यायाधीश बनलेल्या सुखात्मे-काशीकरांच्या जिभा धारदार आहेत, पण त्यांना धार लावायला पहिला दगड नकळत सामंतनेच दिला. तरीही त्या खोलीत बेणारेला इजा करायची ज्याची इच्छा नाही असा माणूस तोच. शेवटी तो पोपट तो तिच्याजवळ ठेवून जातो.

तो : सामंतचं काम करताना नट नेहमी चुकतात. भोळा म्हटलं की तोंड उघडं टाकून उभे राहतात, हशा वसूल करतात.

मी : आणि हशा झाला की साक्ष वाया जाते.

तो : हे मान्य. भोळसट माणूस म्हणजे ज्याला हसायचं, ही सवय आपल्या रंगभूमीला फार आहे. मतिमंद माणसाला विनोदासाठी उभं केलेलं मी स्पर्धांमध्ये कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी मला शरम वाटली आहे.

यावर आमचं दुमत नव्हतं. निश्चिंतपणा हा स्वभाव असू शकतो, वयाचा गुण असू शकतो. एखाद्याच्या बुद्धीच्या मर्यादेला निरागसतेचं नाव देऊन त्यावर टाळी घेणं हे वाईट लेखन आहे आणि वाईट वागणंही आहे. पण वाद मिटला नव्हता.

तो : ताई, तुमच्या दोन्ही उदाहरणांत निरागसपणातून नुकसानच होतं. दोन्हीकडे कोर्ट, दोन्हीकडे पुरावा. म्हणजे नियम असा, की भोळं पात्र आलं की त्याने अनर्थ केलाच पाहिजे? मग तोही साचाच झाला. मला शकुंतलेचा मुलगा सर्वदमन आठवतो. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात तो सिंहिणीच्या छाव्याचं तोंड उघडून दात मोजायला बघतो. त्यात अनर्थ कुठाय? निव्वळ आनंद आहे.

मी : तिथेही पुरावा आहे, बघ. त्या झोंबाझोंबीत त्याच्या मनगटावरची रक्षा खाली पडते. आईवडिलांखेरीज कुणी ती उचलली तर ती साप होऊन डसते. दुष्यंत उचलतो, आणि तिचा साप होत नाही. ज्या ओळखीसाठी सगळं नाटक अडून बसलंय ती ओळख एका पोराच्या दांडगाईतून पटते. म्हणजे अनर्थच व्हावा असं माझं म्हणणं नाही. मुलाच्या खेळाचा गोष्टीवर परिणाम व्हावा, एवढंच. तो भला असो की बुरा.

तो : आणि 'किल्ला'तला बंड्या? तो सिनेमा मी कितीही वेळा बघू शकतो. चिन्मयचे वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय, मुलगा आतून मिटलेला. आणि हा बंड्या! त्याच्या असण्यानेच चिन्मय मोकळा होतो. बंड्याला तुम्ही म्हणता तसं काम कुठाय?

मी : किल्ल्यावर पाऊस येतो तेव्हा कोण कुणाला मागे टाकून जातं?

तो : ...पोरं चिन्मयला टाकून जातात.

मी : बंड्याच्या लेखी पाऊस आला, पळायचं, बस्स. त्यात दुष्टावा नाही. पण ज्याचा बाप नुकताच त्याला सोडून गेलाय त्या मुलाला मागे राहणं कसं लागेल हे बंड्याला कळत नाही. तीच बेफिकिरी चिन्मयला आधी हसवते आणि पुढे जखम करते. ती एकच असल्यामुळे बंड्या खरा वाटतो.

तो : बरं. मग मी माझं शेवटचं आणि सगळ्यात भक्कम म्हणणं मांडतो. 'किंग लिअर'मधला विदूषक. तो कथानकात काहीच करत नाही. तिसऱ्या अंकानंतर तो दिसतच नाही, आणि तो कुठे गेला हे शेक्सपिअर सांगतही नाही. 1681 साली नाहुम टेटने नाटकाची सुखान्त आवृत्ती केली तेव्हा विदूषक पार कापला. कथानकाला काही झालं नाही. दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगमंचावर त्याच्याशिवाय लिअर चाललं. मग 1838 मध्ये नट मॅक्रेडीने त्याला परत आणलं, आणि तेव्हापासून त्याला पुन्हा काढायचं कुणाच्या मनात येत नाही. ज्याला काढल्याने गोष्ट अडत नाही, त्याच्यावाचून नाटक मात्र उणं पडतं. याचं उत्तर द्या.

मी : तो निरागस नाही. त्या दरबारात सगळ्यात जास्त त्यालाच कळतं.

तो : हे उत्तर नाही, ताई. लिअर त्याला पोरा म्हणून हाक मारतो. वादळात त्याला थंडी वाजतेय का हे विचारतो. ज्या राजाने जन्मात दुसऱ्याची थंडी मोजली नाही तो पहिल्यांदा विचारतो. विदूषकाने त्यासाठी काहीच केलेलं नाही. तो फक्त तिथे कुडकुडत असतो. मनीलाही तसं नुसतं असू द्या. सगळाच तिचा खेळ पुढे उपयोगी पडणार असेल तर तो खेळ राहत नाही, ती लेखकाची योजना दिसते.

हे म्हणणं मला बिनतोड वाटलं. मुलाचा खेळ गोष्टीच्या कारणी लावायचा असेल, तर आधी काही खेळ असा हवा की जो कशाच्याच कारणी लागत नाही. नाहीतर वाचक पहिल्या दगडापाशीच ओळखतो की आता या दगडाचं काहीतरी होणार.

मी : हे घेते. पहिल्या अंकात मनीचा एक प्रवेश बिनकामाचा ठेवू. दगड अजून आलेले नाहीत. ती चुरमुरे, डाळं आणि गूळ वाट्यांमध्ये वाढते, बाहुलीला उष्टं टाकल्याबद्दल रागावते, आणि आजीला सांगते की भात शिजतोय, कुणी बोलू नका. त्यातलं पुढे काहीही वापरायचं नाही.

तो : आणि तो प्रवेश गोड करायचा नाही.

मी : अजिबात नाही. खेळणारं मूल गोड नसतं, गंभीर असतं. मनी खुदखुदत नाही. भावांची वाटणी जितकी गंभीर, तितकाच तिचा भात. आपण मोठे तिला निश्चिंत म्हणतो ते आपल्या काळज्या तिला नाहीत म्हणून. तिच्या काळज्या तिला आहेतच. बोबडं बोलणं, मान वेळावणं, मोठ्यांना शहाणपणाचं वाक्य सुनावणं, यातलं काही मी लिहिणार नाही. नऊ वर्षांची मुलगी भावकीवर भाष्य करत नाही. ती विचारते, काकू आज जेवायला का नाही आली? उत्तर मिळालं नाही तर ती पुन्हा विचारत नाही, कारण भात करपत असतो.

तो : आता शेवट. मनीला मार बसणार का? जीव जाणार का? हे आत्ताच सांगा. मेटाकुटीला आलेले लेखक शेवटी मूल मारतात आणि नाट्यगृह रडवतात. मला तो प्रकार नको.

मी : मलाही नको. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पाहिला आहेस ना? ताकाहाताचा, 1988 सालचा. त्यात सेत्सुको जाते, आणि ती जाणार हे आपल्याला सुरुवातीपासून कळलेलं असतं. तरी मनात राहतं ते तिचं मरण नाही. रात्री मच्छरदाणीत सोडलेले काजवे सकाळी मेलेले असतात आणि ती त्यांच्यासाठी खड्डा खणत बसते. भावाने आई गेल्याचं तिच्यापासून लपवलेलं असतं. खणता खणता ती सांगते की आईलाही पुरलंय, मावशीने सांगितलं. म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि ती खेळत होती. तिथे मुलीचं काय होणार हा प्रश्नच मागे पडतो आणि भावाच्या चेहऱ्याकडे आपल्याला बघवत नाही.

तो : भाऊ. म्हणजे कळणारा माणूस.

मी : म्हणून माझ्या गोष्टीत आजी आहे. निरागस पात्राच्या शेजारी सगळं समजणारं एक माणूस हवंच. रोहसेनाजवळ वसंतसेना आहे, सामंतसमोर बेणारे. मनीला दगडांचं कळत नाही, भावांना मनीचं कळत नाही, आजीला दोन्ही कळतं. सांगितलं तर पोरीला चामडी लोळेस्तोवर मार, न सांगावं तर पोटची पोरं एकमेकांच्या जिवावर. दुसरा अंक सगळा आजीच्या गप्प बसण्याचा आहे. मनीला मी त्यात बोटसुद्धा लावत नाही.

तो : आजी शेवटपर्यंत बोलत नाही?

मी : नाही. डोकं फुटलेल्या थोरल्याला तालुक्याला नेतात. मग ती परड्यात येते आणि चुलीसमोर बसते. मनी तिला पान वाढते. ती जेवते.

तो : खोटं खोटं.

मी : मनीसाठी खरं.

तो : दगड तिथेच?

मी : तिथेच. ते तिने उचलून परत हद्दीवर ठेवावेत असं तुला वाटत असेल तर सांग.

तो : नाही. चूल मोडायची नाही.

संहितेत आता तीन दगड आहेत आणि पहिल्या अंकात त्याला हवा होता तो बिनकामाचा प्रवेशही आहे. मोजणीच्या दृश्याला अजून तो राजी नाही. ते फार लांबतं असं त्याचं म्हणणं आहे आणि त्यावर तालमीत पुन्हा बसायचं ठरलंय. एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघे पहिल्यापासून ठाम होतो. मनीचं काम फ्रॉक घातलेली मोठी नटी करणार नाही, नऊ-दहा वर्षांची मुलगीच करील. तालमी तिच्या शाळेच्या वेळा पाहून लागतील आणि काठ्या निघायच्या आत ती विंगेत जाऊन बसलेली असेल.